एकशे सदतिसावी टाकी

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास मिर्ता आरांबिदेच्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि तिच्या हातातला येर्बाचा, म्हणजे तिथल्या पानांच्या चहाचा, पेला हातातच राहिला. ओळ साधीच होती. टाकी १३७, कॉम्प्रेसर बंद, विजेचा दाब कमी. शेजारी सहा वर्षांपूर्वीची तारीख, सतरा फेब्रुवारी, आणि वेळ, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. तिच्याखाली पाच मिनिटांनी तीच ओळ. तिच्याखाली आणखी पाच मिनिटांनी पुन्हा तीच. मग बाकीच्या टाक्यांची कटकट सुरू झाली आणि त्या तीन ओळी वर सरकत सरकत पडद्याबाहेर निघून गेल्या. मिर्तानं त्या परत खाली ओढल्या नाहीत. तिला गरजच नव्हती. सान होसे जिल्ह्यातल्या दोनशे बारा गोठ्यांवर दूध गार ठेवायच्या दोनशे बारा टाक्या होत्या, आणि त्यातल्या एकाच टाकीचा आकडा तिला विचार न करता आठवायचा. त्या टाकीची ती पेटी तिनं स्वतः, गुडघ्यावर बसून, स्क्रू पिळून बसवली होती, आणि तिचे वडील डॉन इसाबेलिनो शेजारी दिवा धरून उभे होते, दर मिनिटाला विचारत होते की हिला रोज काही खायला घालावं लागतं का.

"काय गं, पेला दे की इकडं," समोरच्या टेबलावरून गुआल्बेर्तो म्हणाला. "धरून काय बसलीस, माईक आहे का तो?" हा विनोद राजधानीत, माँतेव्हिदेओतल्या प्रत्येक कचेरीत रोज कोणीतरी करतं आणि कोणीही हसत नाही. मिर्तानं नळीतून उरलेला घोट ओढला आणि पेला परत दिला. गुआल्बेर्तो थर्मासमधून पाणी ओतू लागला. घोट कडू होता की निवलेला होता, तिला काही कळलं नव्हतं.

दूधसंघाची जुनी व्यवस्था आता मोडीत निघणार होती. मिर्तानं ती सी भाषेत जवळजवळ एकटीनं लिहिली होती आणि दहा वर्षं ती चालली. टाकीवर एक पेटी, काही बिनसलं की पेटी फोनच्या तारेवरून राजधानीत तक्रार धाडणार, इथला प्रोग्राम ती लिहून घेणार, आणि संघातला माणूस वाचून गोठेवाल्याला फोन करणार. एवढीच सगळी करामत. आता नवा प्रोग्राम आला होता, तोही तिचाच, आणि तो धड चालतो का हे पाहायला गुआल्बेर्तोनं तारेवरून जशाच्या तशा आलेल्या सगळ्या जुन्या तक्रारी त्याच्यात पुन्हा सोडल्या होत्या. गुआल्बेर्तो काही म्हणजे काही टाकून देत नाही. दहा वर्षांचा कच्चा माल त्यानं जपून ठेवला होता आणि मिर्तानं दहा वर्षं त्यावरून त्याला भंगारवाला म्हटलं होतं. गेले दोन दिवस ती सगळी वर्षं पडद्यावरून भराभरा वाहत होती, आणि नवा प्रोग्राम नव्या नियमानं प्रत्येक टाकीला तिच्या वाट्याच्या ओळी देत होता. जुना प्रोग्राम तसं करत नव्हता. ही गोष्ट तिला माहीत होती. ती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती, हेच तर खरं दुखणं होतं.

सात वर्षांपूर्वी वॉशिंग्टन इतुर्बे नावाच्या गोठेवाल्याच्या टाकीच्या झाकणाचा स्विच सैल झाला. वॉशिंग्टन स्वतःच असा माणूस, की रस्त्यात भेटला तर निघताना तिसऱ्यांदा निरोप घेऊन चौथी गोष्ट सुरू करणार. टाकीनं धन्याचा गुण उचलला. झाकण उघडं, झाकण उघडं, झाकण उघडं, दर सेकंदाला एक ओळ. दोन दिवसांत डिस्क भरली आणि प्रोग्राम कोसळला. वॉशिंग्टनला फोन केला तर तो म्हणाला, बघतो, आणि ते त्यानं कधीच बघितलं नाही. मग हेबेर, त्यांचा साहेब, मिर्ताच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मिर्ता, त्या बाईचं तोंड बंद कर." हेबेर प्रत्येक यंत्राला बाई म्हणायचा. "तिचं बोलणं थांबवता येत नसेल तर निदान आपलं ऐकणं थांबव." शुक्रवार होता. मिर्तानं चौदा ओळींचं एक फंक्शन लिहिलं. टाक्यांच्या तक्रारी तासाला पाचपेक्षा जास्त आल्या तर पुढच्या लिहायच्या नाहीत, नुसत्या मोजायच्या, आणि तास संपला की एकच ओळ टाकायची, इतक्या तक्रारी गाळल्या. मोजणीचा आकडा तिनं फंक्शनच्या पोटातच स्टॅटिक म्हणून ठेवला. म्हणजे फंक्शन संपलं तरी तो आकडा मरत नाही, पुढच्या खेपेला जिथं सोडला तिथंच बसलेला सापडतो. सी लिहिणाऱ्यांचा हा लाडका आळस. पण आकडा एकच होता. दोनशे बारा टाक्या आणि सगळ्यांत मिळून पाच ओळी. एकीनं आरडाओरडा करून त्या पाचही खाल्ल्या की बाकीच्या तेवढ्या तासापुरत्या मुक्या. हे तिला लिहिता लिहिताच दिसलं होतं. दोनशे बारा आकड्यांची रांग मांडायची, ज्याचा त्याला द्यायचा, फार तर अर्ध्या तासाचं काम. पण दीड वाजला होता, सगळे खाली कोपऱ्यावर जेवायला थांबले होते, आणि कोणीतरी जिन्यातून तिच्या नावानं ओरडत होतं. तिनं त्या ओळीशेजारी शेरा मारला, 'प्रत्येक टाकीला वेगळा हवा. नंतर.' आणि कोट घेऊन खाली पळाली. त्या दिवशी तिनं काय खाल्लं हेसुद्धा तिला आठवत होतं. मसुराचं कालवण, आणि त्यात मीठ जास्त होतं.

नंतर कोणाच्या काही लक्षात आलं नाही. न आलेल्या ओळीबद्दल कोण बोंब मारणार? डिस्क भरत नव्हती, प्रोग्राम पडत नव्हता, हेबेर खूश होता. रोज सकाळी मिर्ता आदल्या दिवशीचा लॉग चाळायची. त्यात दर तासाला ती ओळ असायची, इतक्या गाळल्या, तितक्या गाळल्या, आणि ती मनात म्हणायची, वॉशिंग्टनचं झाकण. अठरा फेब्रुवारीच्या सकाळीही तिनं ती ओळ वाचली असणार. सात ते आठ, तीन हजार चारशे अकरा गाळल्या. त्यातल्या तीन हजार चारशे आठ वॉशिंग्टनच्या होत्या.

त्या सकाळी तिचा भाऊ दार्दो याचा फोन आला होता. टँकरवाल्यानं बाबांचं दूध घेतलं नव्हतं. टाकीत एकोणीस अंश होते. मिर्ता गाडी घेऊन निघाली, काचा खाली करून, कारण फेब्रुवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा आणि दहा वाजताच रस्त्यावरचं डांबर वितळायला लागलं होतं. ती पोचली तेव्हा बाबा दूध चरात सोडत होते. रात्रभराचं, दोन धारांचं दूध, पांढरं, आंबूस, आणि दोन्ही कुत्री चराच्या काठावर पोट फुटेस्तोवर पीत होती. टाकीचा कॉम्प्रेसर तेव्हा छान चालू होता. तीच तर पंचाईत. विजेचा दाब कमी झाल्यामुळे तो संध्याकाळी बसला आणि पहाटे दाब वाढल्यावर आपला आपण उठला, हे आज पडद्यावरच्या त्या ओळींवरून स्वच्छ कळत होतं, पण त्या दिवशी सगळ्यांना एवढंच दिसत होतं, की यंत्र चालू आहे आणि दूध मात्र नासलंय. म्हणजे म्हाताऱ्यानं संध्याकाळी बटण दाबलं नाही आणि सकाळी आठवल्यावर गुपचूप दाबलं. संघाचा माणूस तसं बोलला नाही, पण हातातला कागद दाखवून म्हणाला, "डॉन इसाबेलिनो, राजधानीत तुमच्या टाकीची काही तक्रार आलेली नाही." दार्दो बोलला. "बाबा, असू द्या हो. वय झालं. मागच्या महिन्यात फाटकाची किल्ली पण विसरला होतात." बाबा चुलीजवळच्या बाकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. "सहाला चालू केली मी," ते म्हणाले. "उभा राहिलो, आवाज ऐकला, मग आत आलो." त्यांनी हे दार्दोला सांगितलं, संघाच्या माणसाला सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा मिर्ताकडे वळून सांगितलं, कारण पेटी तिनं बसवली होती आणि त्या खोलीत यंत्राबद्दल शेवटचा शब्द तिचा होता.

आणि मिर्ता म्हणाली, "बाबा, टाकी बंद पडली असती तर ती बोलली असती. मी लिहिलंय ते. मला कळलं असतं."

किती मऊ आवाजात म्हणाली होती. हेही तिला आठवत होतं, की आवाज मऊ ठेवायला तिनं मुद्दाम कष्ट घेतले होते, आणि त्या मऊपणाखाली थोडा अभिमान होता, आपलं काम कसं चोख आहे याचा. शेरा आठवला नव्हता का? आज सहा वर्षांनी ती स्वतःला हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारत होती आणि दर वेळी वेगळं उत्तर येत होतं. नव्हताच आठवला. आठवला होता, पण तो एवढा मोठा वाटला नाही. आठवला होता आणि नेमक्या त्या क्षणी तो आठवू नये असं तिला वाटलं होतं, कारण समोर संघाचा माणूस उभा होता. यातलं खरं काय ते आता तिला कोणी सांगू शकलं नसतं. स्वतःच्या मनाचा कच्चा माल कोणी भरून ठेवत नाही.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं, ज्या हातानं बटण दाबलं होतं किंवा नव्हतं त्या हाताकडे. एवढंच. नंतरचं सगळं ओघानं होत गेलं. एप्रिलमध्ये दार्दोनं गाई विकायला काढल्या. बाबांनी अडवलं नाही. एकोणचाळीस गाई ट्रकमध्ये चढताना ते प्रत्येकीचं नाव घेत होते, आणि एकाही नावाला अडखळले नाहीत, हे मिर्तानं पाहिलं आणि तरी तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग ते राजधानीत तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात राहायला आले. पहिल्या वर्षी ते काहीही विसरत नव्हते. फक्त विचारायला लागले. पोरी, नळ मी बंद केला का गं, जरा बघतेस? आज बुधवारच ना? औषध घेतलं वाटतं मी, तुला काय वाटतं? उत्तर त्यांना ठाऊक असायचं, मिर्ताला नंतर नंतर कळायला लागलं होतं, पण स्वतःचं उत्तर खर्चायला ते धजत नव्हते. ज्या माणसानं सत्तर वर्षं आभाळाकडे पाहून पाऊस सांगितला तो खिडकीबाहेर ओला रस्ता बघून विचारायचा, पाऊस पडला का गं? तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते खरोखरच विसरू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात होतं. होतच असेल. पण वापरात नसलेली खोली जशी हळूहळू पडते तसं तर नाही ना झालं, आणि त्या खोलीचं दार पहिल्यांदा कोणी ओढून घेतलं, हा विचार मिर्ताला आज पहिल्यांदा आला आणि ती खुर्चीतून उठली.

"चाललीस?" गुआल्बेर्तोनं विचारलं. "चार पण नाही वाजले."

"गुआल्बेर्तो, जुन्यामध्ये एक चूक सापडली."

"एकच? अगं, पार्टी दे मग."

"तक्रारी गाळणारं फंक्शन. मोजणी सगळ्यांना मिळून एकच होती."

गुआल्बेर्तोनं नळी तोंडातून काढली. तो थट्टेखोर असला तरी मूर्ख नव्हता. त्यानं पडदा वर सरकवला, तारीख वाचली, आकडा वाचला, आणि पेला बाजूला ठेवला. ती टाकी तिच्या वडिलांची, आणि त्या एप्रिलमध्ये त्यांच्या गाई विकायला मिर्तानं रजा घेतली होती, हे त्याला माहीत होतं. "तुला म्हणून सांगतो," तो शेवटी म्हणाला, "मी असतो तर घरी सांगितलं नसतं. नवा प्रोग्राम बरोबर चालतोय. संघाला एक पत्र टाक, झालं. म्हाताऱ्याला आता कशाला? त्याला काय परत गाई देणार आहेस?"

"गाई नाही. त्यांचा शब्द."

"बघ बाई," गुआल्बेर्तो म्हणाला, आणि तिच्या मफलरचं टोक खुर्चीत अडकलं होतं ते त्यानं सोडवून दिलं.

बसमध्ये ती उभीच राहिली, बसायला जागा असून. जुलैची, ऐन हिवाळ्यातली थंडी, काचांवर वाफ, आणि कोणाच्या तरी पिशवीतून तळलेल्या रोट्यांचा वास येत होता. कसं सांगायचं याची ती जुळवाजुळव करत होती आणि प्रत्येक वाक्य तिला स्वतःच्या बाजूनं झुकलेलं वाटत होतं. बाबा, एक गंमत झाली. नाही. बाबा, यंत्राची चूक होती. यंत्राची नव्हतीच, पेटीनं तीनदा सांगितलं होतं, बिचारीनं सांगायचं तेवढं सांगितलं आणि मग आपलं ऐकलं गेलं असेल असं समजून ती गप्प बसली. बाबांनीही तीनदाच सांगितलं होतं. मिर्तानं काचेवर कपाळ टेकलं. तिला एकदम त्यांच्या वतीनं राग आला, तीन वर का थांबलात, भांडला का नाहीत, वॉशिंग्टनसारखे दिवसरात्र ओरडत का नाही बसलात? आणि त्या रागाची लाज वाटून ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत घरी गेली.

बाबा स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसले होते. आता ब्याऐंशी वर्षांचे, अंगात दोन स्वेटर. तिला बघून त्यांना आनंद झाला आणि मग काळजी वाटली. "लवकर आलीस. बरं नाही का?"

"बरी आहे." तिनं कोट काढला नाही. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. "बाबा, गोठ्यावरची टाकी आठवते? ते दूध नासलं होतं, टँकरवाल्यानं नेलं नव्हतं."

"आठवतं की. न आठवायला काय झालं? गाई गेल्या त्याच्यामुळे."

त्यांना आठवत होतं. तिच्या छातीवरचं ओझं एकदम निम्मं झालं आणि तिनं घाईघाईनं, सगळी जुळवाजुळव विसरून सांगून टाकलं. की तुम्ही टाकी चालू केली होती. की ती नंतर बंद पडली, सात वाजून दहा मिनिटांनी, आणि तिनं तसं कळवलंही, पण इथं माझ्या प्रोग्राममध्ये चूक होती म्हणून ते कोणाला दिसलं नाही. माझी चूक, बाबा. अर्ध्या तासाचं काम होतं, मी केलं नाही. आणि वर तुम्हालाच खोटं पाडलं. तुम्ही काही विसरला नव्हता.

बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग मान हलवली, नकाराची, अगदी सावकाश. "नाही गं," ते म्हणाले. "विसरलो होतो मी."

"नाही बाबा. कागद आहे माझ्याकडे. उद्या छापून आणते."

"कागद असेल. पण मला दिसतंय ना. थंडी होती. हात खिशात घालून बटणापाशी उभा राहिलो आणि म्हटलं, आधी जरा शेकून येऊ, मग दाबू. आणि शेकत बसलो ते बसलोच. बटण असं खाली होतं." त्यांनी टेबलावर बोट ठेवून दाखवलं, खाली.

"फेब्रुवारी होता, बाबा. उन्हाळा. डांबर वितळत होतं."

ते थोडा वेळ विचारात पडले. चेहऱ्यावर गोंधळ आला आणि मिर्ताला वाटलं, आता, आता सुटेल. "असं होय," ते म्हणाले. "मग ती दुसरी वेळ असणार. म्हणजे दोनदा विसरलो."

मिर्तानं त्यांचे दोन्ही हात धरले. ते गार होते आणि अजून जाड होते, धारा काढणाऱ्या माणसाचे. तिला रडू आलं आणि तिनं ते अडवलं नाही. सहा वर्षं त्यांनी काय काम केलं होतं ते तिला आता कळत होतं. त्यांनी तिच्या एका वाक्याला घर बांधून दिलं होतं. थंडी आणली, खिसे आणले, शेकोटी आणली, बटण खाली केलं, लेकीचा शब्द खरा ठरावा म्हणून जे जे लागेल ते सगळं स्वतःच्या डोक्यातून काढून दिलं होतं, आणि आता ते तिथं राहत होते. तिथून त्यांना बाहेर काढायला तिच्याकडे तीन ओळी होत्या.

"मी चुकले होते, बाबा. ऐका ना माझं. तेव्हा मी खोटं बोलले, आता खरं सांगतेय."

"तेव्हा तू तरुण होतीस," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "डोकं ताजं होतं तुझं. आता दमतेस, दिवसभर त्या पडद्यात बघून. माणसाच्या मनात येतं मग काहीबाही." त्यांनी एक हात सोडवून घेतला आणि तिच्या कोटाच्या बाहीवर थोपटलं. "रडू नको. मी कधी बोललो नाही तुला, पण मला बरं वाटलं होतं त्या दिवशी. दार्दो मला पोरासारखं समजावत होता. तो संघाचा माणूस नुसता कागद हलवत होता. सरळ तोंडावर सांगितलंस ती तू एकटी. म्हटलं, ही बोलते म्हणजे तसंच असणार, आता हट्ट धरण्यात अर्थ नाही." ते हसले, जरा लाजल्यासारखे. "तू नसतीस तर मी त्यांच्याशी भांडत बसलो असतो गं."